नावापुरती जागा आणि निवाड्याचा अधिकार

कामाच्या ठिकाणच्या भेदभावाची तक्रार दोन तऱ्हांची असते. पहिलीत माणसाला उंबऱ्याच्या आत घेतलेच जात नाही. दुसरीत त्याला आत घेतात, खुर्ची देतात, स्वागत समारंभाच्या छायाचित्रात पुढच्या रांगेत उभे करतात, आणि कारभार मात्र आधी चालत होता तसाच चालू ठेवतात. पहिली तक्रार सिद्ध करणे अवघड असले तरी समजायला सोपी आहे. दुसरी समजायलाच अवघड, कारण तिच्यात नाकारल्याचा पुरावा नसतो. उलट स्वीकारल्याचाच पुरावा समोर ठेवला जातो. या नामधारी प्रतिनिधित्वाला जगभर टोकनिझम म्हणतात. अमेरिका-युरोपात ही चर्चा प्रामुख्याने वंश आणि कातडीचा रंग यांभोवती फिरते. महाराष्ट्रात ती जातीभोवती फिरते. दोन्हीकडे मूळ प्रश्न एकच आहे आणि तो कायद्याच्या आधी धर्माने व तत्त्वज्ञानाने हाताळलेला आहे: समता म्हणजे माणसाला जागा मिळणे, की त्याच्या निवाड्याला वजन मिळणे?

या प्रश्नाचे एक जुने स्थानिक उत्तर धाराशिव जिल्ह्यातील तेर या गावी सापडते. तेरणा नदीकाठचे हे गाव म्हणजे प्राचीन तगर, सातवाहन काळातील व्यापारपेठ. वारकऱ्यांसाठी मात्र ते संत गोरोबाकाकांचे गाव. गोरोबांचा काळ परंपरेने १२६७ ते १३१७ असा मानला जातो. त्यांच्याविषयीची एक कथा सर्वांना ठाऊक आहे. ज्ञानदेव, नामदेव, मुक्ताबाई आदी संतमंडळी एकत्र जमलेली असताना यांतले भाजलेले मडके कोणते आणि कच्चे कोणते, हे पाहण्याचे काम गोरोबांना सांगितले गेले. कुंभार असलेल्या गोरोबांनी मडकी घडवण्याचे थापटणे घेतले आणि एकेकाच्या डोक्यावर मारून पाहिले. नामदेव रागावले, गोरोबांनी त्यांना कच्चे ठरवले. नामदेवांनी पुढे विसोबा खेचरांना गुरू केले, असे कथा सांगते.

या कथेचा नेहमीचा बोध नामदेवांच्या अहंकाराविषयीचा असतो. येथे महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. कुंभाराला या सभेत केवळ बसवून घेतलेले नाही. परीक्षेचे साधन त्याच्या हाती आहे, ते त्याच्या धंद्यातले आहे, आणि त्याने दिलेला निकाल न आवडणाऱ्यालाही मानावा लागतो. सर्व जातींचे संत एका पंगतीत बसले, एवढ्यावर ही कथा थांबली असती तर तिच्यातील समता पाहुण्याला मिळणाऱ्या आदराइतकीच राहिली असती. अर्थात ही समता भक्तीच्या अंगणातली होती. गावगाड्यात कुंभार बलुतेदारच राहिला, आणि तेरच्या त्या सभेने कोणाचेही बलुते बदलले नाही.

त्याच संतमंडळात अस्पृश्य मानले गेलेले चोखोबा, म्हणजे चोखामेळा, होते. त्यांचे अभंग गायले जात, नामदेवांशी त्यांचा स्नेह होता, आणि तरीही विठ्ठलाच्या देवळात त्यांना प्रवेश नव्हता. चोखोबांचा मृत्यू १३३८ मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळून झाला, असे परंपरा सांगते. म्हणजे संत म्हणून मान्यता पावलेला हा माणूस मेला तो वेठबिगारीच्या कामावर. त्यांची समाधी पंढरपूरला महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ आहे: देवळाच्या जवळ, पण देवळाच्या बाहेर. पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले होण्यासाठी साने गुरुजींना मे १९४७ मध्ये उपोषण करावे लागले. चोखोबांना संतपरंपरेने दिलेला मान खोटा होता असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. पण त्या मानाने सहाशे वर्षे दरवाजा उघडला नाही, हेही खरे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ चा अस्पृश्यांच्या उत्पत्तीविषयीचा आपला ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांना अर्पण केला. ज्यांची थोरवी सर्वांनी मान्य केली आणि ज्यांच्या समाजाची स्थिती तशीच राहिली, असे हे तिघे होते.

बौद्ध परंपरेत याच प्रश्नाला संस्थेच्या नियमातून उत्तर देण्याचा प्रयत्न दिसतो. विनयपिटकातील चुल्लवग्गात शाक्य राजकुमारांच्या प्रव्रज्येची हकिकत आहे. अनुरुद्ध, आनंद, भद्दिय वगैरे कुमारांसोबत त्यांचा न्हावी उपालीही संघात यायला निघाला. उपालीला आधी दीक्षा द्यावी, अशी विनंती कुमारांनीच केली. संघात ज्येष्ठता दीक्षेच्या क्रमाने ठरत असल्यामुळे कालच्या मालकांना कालच्या नोकरापुढे हात जोडावे लागणार होते, आणि शाक्यकुळाचा गर्व उतरावा हाच हेतू होता. गोष्ट इथे संपत नाही. बुद्धाच्या परिनिर्वाणानंतर राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनयाचे, म्हणजे संघाच्या नियमांचे पठण उपालीने केले. नियम काय आहे हे सांगण्याचा अधिकार न्हाव्याकडे आला. तेरच्या कथेत जे एका प्रसंगापुरते घडते, ते येथे नियमानेच घडवून आणलेले आहे.

पण त्याच विनयात स्त्रियांच्या बाबतीत उलटे घडले. भिक्खुणीसंघाला परवानगी मिळाली ती आठ गुरुधर्मांच्या अटीवर. त्यांतला पहिला असा, की दीक्षेला शंभर वर्षे झालेल्या भिक्खुणीनेही त्याच दिवशी दीक्षा घेतलेल्या भिक्खूला वंदन करावे. न्हाव्याला ज्येष्ठतेचा नियम लागू झाला आणि स्त्रीसाठी तोच स्थगित केला गेला. प्रवेश दोघांनाही मिळाला होता. फरक प्रवेशानंतरच्या नियमात होता, आणि नामधारी समतेची जागा नेमकी तिथे असते.

आधुनिक काळात हा प्रश्न रोजगाराच्या रूपात धाराशिव जिल्ह्यात उभा राहिला तो कसबे तडवळे येथे. २२ व २३ फेब्रुवारी १९४१ रोजी तेथे महार-मांग वतनदारांची परिषद झाली आणि डॉ. आंबेडकर तिला उपस्थित होते. वतन म्हणजे त्या काळची वंशपरंपरेची सरकारी-गावकी नोकरी. निरोप पोचवणे, वेशीवर पहारा, मेलेली जनावरे ओढणे, सरकारी पाहुण्यांची सरबराई, अशी कामे. वेळेचे बंधन नाही, आणि मोबदला म्हणजे वतनी जमिनीचा तुकडा व बलुते. कागदावर महार हा वतनदार होता, पाटील-कुलकर्ण्यांसारखाच हक्कदार. मुंबई इलाख्याच्या १८७४ च्या वतन कायद्याने त्या हक्काला सरकारी शिक्काही दिला होता. या हक्काचा अभिमान समाजातल्या अनेकांना वाटे. आंबेडकरांचे म्हणणे असे, की हा हक्कच बेडी आहे: वतन टिकवण्यासाठी माणूस गाव सोडू शकत नाही आणि पगार मागू शकत नाही. त्यांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले होते. ते मंजूर झाले नाही. कनिष्ठ गाव वतने नाहीशी करणारा कायदा मुंबई राज्यात अखेर १९५८ चा म्हणून आला. नावाने मान आणि व्यवहारात दास्य यांचा इतका पक्का जोड दुसऱ्या नोकरीत क्वचितच सापडेल. नामधारी प्रतिनिधित्वाची चर्चा करताना वतनाकडे दुर्लक्ष होते, ते होऊ नये.

राजकारणात याच शंकेने १९३२ मध्ये टोक गाठले. जातीय निवाड्याने अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघात ७१ जागा देऊ केल्या होत्या. २४ सप्टेंबरच्या पुणे कराराने त्या १४८ झाल्या, पण संयुक्त मतदारसंघात. संख्या दुपटीहून वाढली. तरीही आंबेडकरांनी पुढे १९४५ च्या ग्रंथात या व्यवस्थेवर जो आक्षेप घेतला तो संख्येवर नव्हता: ज्यांच्या मतांवर माणूस निवडून येतो त्यांनाच तो उत्तरदायी राहतो, आणि राखीव जागेवरचा प्रतिनिधी बहुसंख्याकांच्या मर्जीतला निघतो. करारामागे समाजात फूट टाळण्याची, एकाच समाजात राहण्याची जी बाजू होती तीही दुबळी नव्हती. स्वतंत्र मतदारसंघाने माणूस स्वतःच्या लोकांना उत्तरदायी राहिला असता, पण इतरांना त्याचे ऐकण्याची गरज उरली नसती. दोन्ही वाटांनी निर्णय हातातून निसटू शकतो.

या आक्षेपाला पुढे कार्यालयातून बळ मिळाले. १९६० च्या दशकात पुण्याच्या स्फोटके संशोधन प्रयोगशाळेत आंबेडकर जयंती व बुद्ध जयंतीची सुट्टी रद्द करण्यात आली. दीनाभाना या चतुर्थश्रेणी कर्मचाऱ्याने विरोध केला आणि त्याला निलंबित केले गेले. तेथेच काम करणारे कांशीराम त्याच्या मागे उभे राहिले. सुट्ट्या परत मिळाल्या, आणि कांशीरामांच्या सार्वजनिक आयुष्याची सुरुवात झाली. सरकारी नोकरीतील मागासवर्गीयांची बामसेफ ही संघटना त्यातूनच पुढे उभी राहिली. पुणे कराराला ५० वर्षे झाली तेव्हा, १९८२ मध्ये, कांशीरामांनी ‘द चमचा एज’ हे पुस्तक काढले. शब्द कडवट आहे आणि त्याचा वापरही अनेकदा अन्यायाने होतो. मोठ्या पदावर गेलेल्या प्रत्येक दलित अधिकाऱ्याला चमचा ठरवणे हासुद्धा त्याला व्यक्ती म्हणून न पाहण्याचाच प्रकार आहे.

राज्यघटनेने १६(४) या कलमात ज्या मागासवर्गांना सेवेत पुरेसे प्रतिनिधित्व नाही त्यांच्यासाठी आरक्षणाची मुभा ठेवली. १९९५ च्या ७७ व्या घटनादुरुस्तीने १६(४-अ) आले आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी पदोन्नतीतही ती मिळाली. महाराष्ट्राच्या २००१ च्या आरक्षण कायद्यात अनुसूचित जातींना १३ टक्के, अनुसूचित जमातींना ७ टक्के, इतर मागासवर्गाला १९ टक्के आणि विमुक्त जाती, भटक्या जमाती व विशेष मागास प्रवर्ग धरून एकूण ५२ टक्के अशी वाटणी आहे. तिची अंमलबजावणी बिंदुनामावलीने, म्हणजे कोणते पद कोणत्या प्रवर्गाचे हे ठरवणाऱ्या क्रमवार तक्त्याने होते. येथे एक साधा हिशेब लक्षात घ्यावा लागतो. तालुक्याच्या ठिकाणी ज्या कार्यालयात एका संवर्गाची आठ पदे असतात, तेथे १३ टक्क्यांनी अनुसूचित जातीचा एकच माणूस येतो. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रोझाबेथ मॉस कँटर यांनी १९७७ च्या आपल्या पुस्तकात दाखवले, की एखाद्या गटाचे प्रमाण १५ टक्क्यांपर्यंतच असले तर त्यातल्या माणसांवर तीन गोष्टी ओढवतात: त्यांच्याकडे सतत लक्ष राहते, त्यांच्यात आणि इतरांत असलेला फरक फुगवून पाहिला जातो, आणि त्यांना एका ठरलेल्या साच्यात बसवले जाते. त्यांचा अभ्यास एका कंपनीतील स्त्रियांचा होता, पण आठांतल्या एकट्या माणसाला तो तंतोतंत लागू पडतो. तो उशिरा आला तर त्याची जात उशिरा येते. इतर कोणी उशिरा आला तर फक्त तोच उशिरा येतो. यात कोणाचा दुष्ट हेतू असावाच लागत नाही. लहान कार्यालयात नामधारीपणा अंकगणितातूनही निपजतो.

गावपातळीवर चित्र अधिक उघडे आहे. ७३ व्या घटनादुरुस्तीने (१९९२) पंचायतींत अनुसूचित जाती-जमाती आणि स्त्रियांसाठी जागा राखल्या. महाराष्ट्राने २०११ पासून स्त्रियांचा वाटा ५० टक्के केला. सोडत निघते, आरक्षण पडते, आणि ‘सरपंचपती’ नावाचे पद अस्तित्वात येते, ज्याचा कोणत्याही कायद्यात उल्लेख नाही. राखीव जागेवरच्या सरपंचाच्या मागे गावातल्या बड्या असामीचा हात असणे हा त्याचाच जातीय अवतार. पण म्हणून आरक्षण व्यर्थ, हा निष्कर्ष घाईचा आहे. शिक्का कोणाकडे राहतो, धनादेशावर सही करण्याआधी वाचून कोण पाहते, ग्रामसभेत प्रश्नाला उत्तर कोण देते, एवढ्या तीन गोष्टी पाहिल्या तरी नामधारी सरपंच आणि खरा सरपंच वेगळे ओळखता येतात. आणि पहिल्या मुदतीत नुसती सही करणारी बाई दुसऱ्या मुदतीत कागद वाचायला मागते, हेही घडते.

आता तक्रारीच्या परीक्षणाकडे. भेदभाव झाला असे कोणी म्हटले तर ते खरे मानायचे कशावरून? भारतीय तर्कपरंपरेत याची चांगली तयारी आहे, पण सार्वजनिक वादात तिचा उपयोग फारसा कोणी करत नाही. न्यायदर्शन चर्चेचे तीन प्रकार सांगते: सत्य शोधण्यासाठीचा वाद, जिंकण्यासाठीचा जल्प, आणि स्वतःची कोणतीही बाजू न मांडता समोरच्याचे फक्त खोडून काढणारी वितंडा. कार्यालयातली बहुतेक चर्चा तिसऱ्या प्रकारची असते. पदोन्नती का डावलली, या प्रश्नाला नोकरी आरक्षणातूनच लागली ना, असे उत्तर मिळते. ते खोटे नसेल, पण ते वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर आहे. उलट बाजूनेही, कामातली खरी त्रुटी दाखवणाऱ्याला जातीयवादी ठरवले की चर्चा तिथेच संपते.

न्यायदर्शनात विश्वासार्ह माणसाची साक्ष, म्हणजे शब्द, हे स्वतंत्र प्रमाण आहे. भाष्यकार वात्स्यायनाने विश्वासार्हतेचे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या तिघांना सारखेच लागू केले आहे: ज्याने वस्तू स्वतः जाणली आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे, त्याची साक्ष ग्राह्य. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात साक्षीदार आपापल्या वर्णाचे असावेत असा दंडक आहे. शूद्राच्या खटल्यात शूद्र, स्त्रियांच्या खटल्यात स्त्रिया. एकाच संस्कृतीतली ही दोन मते आहेत आणि दोन्ही आजही जिवंत आहेत. तक्रारदाराच्या जातीमुळे त्याचे खरे मानणे आणि त्याच्या जातीमुळे त्याचे खोटे मानणे, दोन्ही मनूच्या बाजूची. साक्ष जन्माने तोलू नये, हे वात्स्यायनाचे मत स्वीकारले तर तक्रारदाराला एक लाभ होतो, जातीमुळे त्याची साक्ष नाकारली जात नाही, आणि एक जबाबदारीही येते: स्वतः जाणलेले जसेच्या तसे सांगण्याची.

या कसोटीला महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणाने देशभर धार आणली. कराडच्या शासकीय औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयातील अनुसूचित जातीच्या एका कर्मचाऱ्याच्या वार्षिक गोपनीय अहवालात वरिष्ठांनी त्याच्या सचोटीविषयी व चारित्र्याविषयी प्रतिकूल शेरे मारले. त्याने २००६ मध्ये अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली फिर्याद दिली. वरिष्ठांवर खटला चालवण्याची परवानगी तंत्रशिक्षण संचालकांनी २०११ मध्ये नाकारली, तेव्हा २०१६ मध्ये त्या संचालकांवरही फिर्याद झाली. २० मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती फिर्याद रद्द केली आणि सोबत देशभरासाठी निर्देश दिले: सरसकट अटक नको, प्राथमिक चौकशी करता येईल, सरकारी नोकराच्या अटकेसाठी नियुक्ती अधिकाऱ्याची परवानगी हवी. २ एप्रिलला भारत बंद झाला, ऑगस्टमध्ये संसदेने १८-अ हे कलम घालून निर्देश निष्प्रभ केले, आणि १ ऑक्टोबर २०१९ रोजी न्यायालयाने स्वतःच ते मागे घेतले. खोटी फिर्याद हा माणसाचा दोष आहे, जातीचा नव्हे, असे या दुसऱ्या निकालाने म्हटले. सगळा गदारोळ अटकेवर झाला. मूळ ठिणगी मात्र गोपनीय अहवालातल्या शेऱ्यांची होती, आणि त्यांच्यावर फारसे कोणी बोलले नाही. ज्याच्या सचोटीवर शंका घेतली गेली त्याला ती कोणत्या प्रसंगावरून, कोणत्या पुराव्याने घेतली हे विचारता यावे, ही साधी नैसर्गिक न्यायाची गोष्ट आहे. नोकरीतल्या माणसाला अहवालातील प्रत्येक नोंद कळवली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या देव दत्त प्रकरणात सांगितले होते. थापटणे एका बाजूलाच असेल आणि मडक्याला आवाज काढण्याचीही मुभा नसेल, तर ती परीक्षा राहत नाही.

एकेका प्रकरणात हेतू सिद्ध होणे कठीण असते, म्हणून भेदभाव काल्पनिक ठरत नाही. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले होते. बदलले होते ते फक्त नाव. दलित वाटणाऱ्या नावाच्या अर्जाला बोलावणे येण्याची शक्यता सवर्ण हिंदू नावाच्या तुलनेत साधारण दोन-तृतीयांश निघाली, मुस्लिम नावाची एक-तृतीयांश. यावरून कोणत्याही एका अधिकाऱ्याला दोषी ठरवता येत नाही. पण केवळ गुणवत्ता पाहिली जाते, हा दावाही टिकत नाही. येथे अर्जदारांची गुणवत्ता मुद्दाम सारखीच ठेवली होती.

जात म्हणजे वंश आहे का, यावर २००१ च्या डर्बन येथील वंशभेदविरोधी जागतिक परिषदेत भारत सरकार आणि दलित संघटना समोरासमोर आल्या. सरकारचे म्हणणे, नाही. जीवशास्त्राच्या दृष्टीने ते बरोबरही होते. स्वतः आंबेडकरांनी जातीचा वांशिक सिद्धांत नाकारला होता. पण संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीने २००२ मध्ये जन्माधारित भेदभावात जातीचा समावेश केला, आणि अनुभवाच्या दृष्टीने तेही बरोबर होते. पुढे हा प्रश्न स्थलांतरितांसोबत परदेशी कार्यालयांत पोचला. कॅलिफोर्निया राज्याने २०२० मध्ये सिस्को कंपनीवर जातिभेदाचा दावा लावला. २०२३ मध्ये त्यातील दोन अभियंत्यांवरचे आरोप राज्यानेच मागे घेतले. त्याच वर्षी सिएटल शहराने जातिभेदाला बंदी घातली, आणि कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने संमत केलेल्या तशाच विधेयकावर राज्यपालांनी सही करायचे नाकारले.

निवाड्याचा अधिकार ही कसोटी वंचितांच्या आपसातल्या व्यवहारालाही लागू पडते. अनेक जाती मिळून एक प्रवर्ग होतो, आणि त्यातल्या एखाद्या जातीच्या वाट्याला कायम नावापुरतीच जागा येऊ शकते. मातंग समाजाची ही तक्रार जुनी आहे. तडवळ्याला १९४१ मध्ये महार आणि मांग वतनदार एकाच मांडवात बसले होते, हे इथे आठवावे लागते. अनुसूचित जातींचे उपवर्गीकरण राज्यांना करता येईल, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १ ऑगस्ट २०२४ रोजी दिला. त्यानंतर त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने या प्रश्नाच्या अभ्यासासाठी निवृत्त न्यायमूर्ती अनंत बदर यांची समिती नेमली. अशा समितीपुढे जाणाऱ्या प्रत्येक निवेदनात कोणत्या जातीला किती जागा, हा आकडा असेल. निवड समितीवर, बिंदुनामावली तपासणाऱ्या टेबलावर आणि गोपनीय अहवाल लिहिणाऱ्या खुर्चीत कोण बसते, हेही त्या निवेदनांत मागितले जायला हवे.